सहा आठवड्यांची नोटीस

कामावरच्या मंडळींनी त्याचं नाव झाडू ठेवलं होतं, आणि ते त्याला मनापासून आवडायचं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजे अगदी गाभ्यात, जुन्या यंत्रांचे ड्रायव्हर वर्षानुवर्षं पडून असतात. यंत्रं भंगारात गेलेली, पण त्यांना चालवणारा कोड रुसलेल्या जावयासारखा ठाण मांडून बसलेला. तो उपटून टाकायचा, हे झाडूचं काम. पद्धत मात्र सभ्य होती. आधी मेलिंग लिस्टवर, म्हणजे कर्नलवर काम करणाऱ्यांच्या ईमेल-यादीवर, नोटीस लावायची: 'हा ड्रायव्हर कुणी वापरतं का?' सहा आठवडे वाट बघायची. कुणी हूं की चूं केलं नाही, की कात्री.

वर्षभरात त्याने एक्केचाळीस ड्रायव्हर घालवले. एकाही माणसाने तक्रार केली नाही, त्यामुळे आपलं चुकत नाही अशी त्याची खात्रीच पटली होती.

रविवारी तो थोरल्या बहिणीकडे गेला. ताई अंध वाचकांसाठी वाचनालय चालवायची. तिथल्या कॉम्प्युटरवर त्याने मोठ्या ऐटीत नवी सिस्टिम चढवली. कॉम्प्युटर पळू लागला आणि शेजारचा ब्रेल प्रिंटर मुका झाला.

दोन तास तो टेबलाखाली केबली उपसत होता. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो टेबलाखालून बाहेर आला. बारा वर्षांपूर्वी हा प्रिंटर त्यानेच ताईला आणून दिला होता.

"ताई, याचा ड्रायव्हर... मीच काढला. पण नोटीस दिली होती. सगळ्या जगाला विचारलं."

"मला विचारलंस?"

"तू लिस्टवर नाहीस ना."

"मी तुझी बहीण आहे, गाढवा!"

खिडकीशी बसलेली एक वाचक मुलगी हसली. ती कायदा शिकत होती, पहिल्या वर्षाला. तिच्या नोट्स याच प्रिंटरवर निघायच्या आणि अजून दोन वर्षं निघायला हव्या होत्या. असा दुसरा प्रिंटर आता कुठे मिळत नव्हता.

झाडूने जुना कर्नल परत बसवला. प्रिंटर खडखडू लागला.

"असाच राहू दे की," ताई म्हणाली.

"थोडे दिवस चालेल. जुन्याच्या दुरुस्त्या बंद होतात."

"मग तुझा तो ड्रायव्हर परत घाल."

"वापरणाऱ्याला स्वतः सांगावं लागतं. मीच काढला आणि मीच रडत गेलो, तर लोक हसतील गं."

ताईला त्याची दया आली नाही. "ती नोटीस दे इकडे," ती म्हणाली. तिने ती ब्रेलमध्ये छापली आणि कागद मुलीच्या हातात दिला.

मुलीने ओळींवरून सावकाश बोटं फिरवली. शेवटच्या ओळीवरून दोनदा.

"काका, ही कधीची?"

"मार्चमधली. मुदत केव्हाच संपली."

"ज्याच्यावर बजावायची त्याला नोटीस मिळालीच नसेल, तर मुदत सुरू कशी होते? आम्हाला मिळाली आज." तिने कागद नीट घडी घालून पिशवीत ठेवला. "आणि उत्तरही लिहून घ्या. हो, वापरतो. तुमची नोटीससुद्धा त्याच्यावरच छापून वाचली."

झाडूने लॅपटॉप उघडला आणि ती म्हणाली तसंच, शब्दही न बदलता, लिस्टवर लिहिलं. खाली स्वतःचं नाव घालताना त्याचे कान तापले होते.