पाण्यात उभी बाई

काचेच्या पट्टीवर घेतलेला रक्ताचा थेंब कडेकडून वाळत येतो, आणि मधला ठिपका शेवटपर्यंत ओला राहतो. धानपट्ट्यातल्या गोरेगावजवळच्या दवाखान्यात हिवतापाचं रक्त तपासणारी समीक्षा त्या वाळण्याच्या वेळात कथा लिहायची. पट्ट्या वाळल्या की पेन ठेवून त्यांना रंग द्यायची. तिच्या बऱ्याच कथा अशाच पूर्ण झाल्या होत्या, आणि दवाखान्यात झाडझूड करणारी धुरपताबाई त्या इतर सगळ्यांच्या आधी ऐकायची.

गेल्या साली सासूबाईंना लकवा मारला. दुसऱ्या आरोग्य केंद्राच्या पट्ट्याही समीक्षाकडेच आल्या. आता पट्ट्या वाळेपर्यंत ती फोनवर घरी औषधं समजावून सांगायची. मग वही उघडायची, पण वाक्य येत नसे. लिहिणं थांबवायचं, हे तिनं मनाशी कितीदा तरी ठरवलं होतं. कुणाजवळ बोलली मात्र नव्हती.

"मॅडम, धान रोवण्याच्या टायमाले तुमच्या गोष्टीतली बाई नवेगावच्या तलावात उतरली होती," धुरपताबाई फरशी पुसता पुसता म्हणाली. "आता धान कापणं झालं, तरी पाण्यातच उभी आहे. काऊन जी, बुडवून राहिल्या का तिले?"

समीक्षाला हसू आलं आणि लगेच ओसरलं.

"ती बाहेर कशी येईल, तेच मला सुचत नाही, मावशी."

"मंग आज काढा ना. आयकाले बसतो मी."

फोन वाजला. घरचाच होता. समीक्षानं तो वाजू दिला आणि वही मिटली.

"नाही काढणार," ती म्हणाली. "मी लिहिणं सोडलं, मावशी."