आठव्या दिवसाचा सदरा

लाटेनं आरिका गाव धुऊन नेलं आणि परक्या आरमाराची तोफनौका मात्र समुद्रापासून पाव कोसावर वाळूत अलगद बसवून ठेवली. तळ सपाट, त्यामुळे ती कललीसुद्धा नाही. जहाजावरची घंटा वेळेवर वाजे, खलाशी डेक घासत. आपण कोरड्यावर आहोत हे त्यांना जणू कुणी सांगितलंच नव्हतं.

फेलिसा दर मंगळवारी त्या जहाजाचे कपडे धुवायची. तिचा नवरा मेल्कोर लाट आली तेव्हा होडीवर होता. प्रेत मिळालं नाही आणि घरातली काडीही उरली नाही. मेलेल्याचे कपडे आठव्या दिवशी धुतले की जीव वाटेला लागतो, नाहीतर दाराशी घुटमळत राहतो. आज आठवा दिवस होता, आणि घुटमळायला दारही नव्हतं.

"माझ्या भावाची एक चिंधी नाही तुझ्यापाशी," नणंद बासिलिया म्हणाली. "बायको म्हणे!"

फेलिसाला संताप आला, आणि संतापातच आठवलं. निळा सदरा! लाटेच्या दोन दिवस आधी तिनं तो चुकून जहाजाच्या गठ्ठ्यात बांधून दिला होता. मेल्कोरनं घर डोक्यावर घेतलं होतं. "नवा सदरा! वाट, सगळ्या गोऱ्यांना वाट!"

जहाजाखाली पिण्याच्या पाण्याची रांग होती, माणशी एक मडकं. फेलिसाचं मडकं भरणाऱ्या दाढीवाल्या खलाशाच्या अंगात तोच सदरा होता. कॉलरचे पिवळे टाके तिच्याच हातचे.

"काढ तो. धुवायचाय."

"आज मंगळवार नाही," तो मोडकंतोडकं बोलला.

"काढ म्हणते ना!"

त्यानं मुकाट्यानं काढला.

फेलिसानं मडकं वरून फुटलेल्या पिंपात ओतलं.

"अगं, प्यायचं पाणी ते!" बासिलिया ओरडली. "समुद्र काय आटलाय?"

"ज्यानं नेलं, त्याच्याच पाण्यात धुऊ?"

बासिलियानं मग आपलंही मडकं पिंपात ओतलं.

सदऱ्यातून तंबाखूचा वास निघाला, परक्याचा घाम निघाला. मेल्कोरचं काहीच निघालं नाही. ते तिनं आधीच स्वच्छ धुऊन टाकलं होतं. याचं तिला फार वाईट वाटलं.

वाऱ्यावर सदरा तासाभरात वाळला. जुनं असेल ते जाळायचं, नवं असेल ते कुणाला तरी द्यायचं, अशी रीत. खलाशी उघड्या अंगानं दंड चोळत अजून तिथंच उभा होता.

"घे," फेलिसा म्हणाली. "आता तुझा."

त्याला त्यात नवं काही वाटलं नाही. सदरा चढवून त्यानं नेहमीसारखं विचारलं, "मंगळवारी?"

"मंगळवारी."

तो शिडी चढू लागला. निळी पाठ, मेल्कोरइतकेच रुंद खांदे.

"गेला गं," बासिलियानं क्रुसाची खूण केली.

निळी पाठ कठड्याआड जाईपर्यंत फेलिसा बघत राहिली. मग वाळूतच बसली आणि आठ दिवसांत पहिल्यांदा रडली.