झोपाळू पिंजरे

बावीस वर्षं मी उंदरांची हृदयं तपासते आहे. असं सांगितलं की लोक एक तर हसतात, नाही तर खुर्ची जरा मागे सरकवतात. काम मात्र सरळ आहे. मेणात बसवलेल्या हृदयाचे यंत्रावर पातळ काप काढायचे, कोमट पाण्यावर पसरायचे, काचेवर अलगद उचलायचे, रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघून सुजेला शून्य ते चार गुण द्यायचे. शून्य म्हणजे निरोगी, चार म्हणजे काही खरं नाही. शाळेत बाई व्हायचं राहून गेलं, त्याची हौस मी अशी भागवते.

ह्या खेपेचा प्रयोग आमच्या विभागप्रमुख मॅडमचा होता. विषाणूच्या साध्या तापानंतर कधीकधी हृदयाच्या स्नायूला सूज येते. शिंका आणणारं, अंगावर गांध्या उठवणारं जे हिस्टामिन, ते त्या सुजेतही हात धुऊन घेत असावं असा मॅडमना संशय होता. मग शिंकांवरचं जुनं, झोप आणणारं औषध दिलं तर सूज कमी होते का, ते बघायचं. सगळ्या उंदरांना तो विषाणू टोचलेला. निम्म्या पिंजऱ्यांना औषध, निम्म्यांना नुसतं गोड पाणी. बाटल्या सारख्याच, त्यांच्यावर फक्त पिंजऱ्याचा आकडा. कुठल्या आकड्याला काय, ते मॅडमच्या कपाटात बंद पाकिटात. तपासणाऱ्याला ते कळता कामा नये, कारण माणसाचा डोळा मोठा लबाड असतो.

माझा तसा नाही, अशी माझी समजूत होती.

आमचे हे बस चालवायचे. ऋतू बदलला की त्यांना शिंका सुरू व्हायच्या, त्या डझनाच्या आत थांबत नसत. ह्याच औषधाची गोळी घेतली की शिंका बंद, पण मग जेवताजेवता पेंग. मागे चाळीस माणसं बसवून हा बाबा डुलक्या काढणार, ह्या धास्तीने मी ती गोळी घरातून कायमची हद्दपार केली. गेल्या वर्षी ते सर्दी-तापाने पडले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आज कुठे बस चालवायची आहे? एक गोळी आण ना." मी म्हटलं, "एकदा सवय लागली की सुटत नाही. वाफ घ्या." त्यांनी मुकाट्याने वाफ घेतली. पाचव्या दिवशी दम लागायला लागला. नवव्या दिवशी इस्पितळातच ते वारले, हृदयाच्या सुजेने. नणंद येईल त्याला सांगत होती, वहिनीने फार केलं त्याचं. मी उठून आत गेले.

तेव्हा स्पष्टच सांगते, हे औषध फसावं असं मला मनापासून वाटत होतं. ते फसलं असतं तर त्या वाफेचा जाब मला कुणी विचारला नसता, मी स्वतःसुद्धा नाही. आकडे माहीत नव्हते तोवर ह्या इच्छेने कुणाचं काही बिघडत नव्हतं.

पण प्राणीघर सांभाळणाऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. त्यांना आम्ही सगळे उंदीरमामाच म्हणतो. त्यांच्या जागी चार सकाळी दाणापाणी कोण करणार, असं विचारल्यावर माझा हात वर गेला. हल्ली सुट्टीच्या दिवशीच्या कामालाही माझाच हात आधी वर जातो, घरी वाट बघणारं कुणी नसतं. दुसऱ्याच सकाळी माझ्या लक्षात आलं. काही पिंजऱ्यांत नुसती धावपळ, तर काहींत सगळे एकमेकांच्या अंगावर पडून ढाराढूर. पिंजरा हलवला तरी एक डोळा उघडून पुन्हा मिटायचे. हे झोपाळू पिंजरे मोजले तर बरोबर निम्मे भरले. पाकीट उघडायची गरजच उरली नाही. हे मी त्याच दिवशी मॅडमना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

महिन्याभराने काप तपासायला बसले. काचेवर पिंजऱ्याचाच आकडा असतो. पहिले दोन दिवस माझं काही चुकतंय असं मला वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी चौदा नंबरच्या कापाला एक गुण देताना हात अडला. एवढीच सूज मी आधी कुठेतरी पाहिली होती. शोधून नऊ नंबर काढला आणि दोन्ही काचा आलटूनपालटून बघितल्या. फरक काडीचा नव्हता. नऊला मी दोन दिले होते, आणि नऊ झोपाळू होता, चौदा नव्हता. मग सगळ्या नोंदी चाळल्या. जिथे शंका आली, तिथे झोपाळूंना मी दर वेळी एक गुण चढवून ठेवला होता.

मॅडमच्या खोलीत जाऊन मी सगळं सांगितलं. माझे आकडे फेकून द्या, असंही म्हटलं. त्या रागावल्या नाहीत. चष्मा पुसून त्यांनी विचारलं, "बावीस वर्षांत तुमचा एक आकडा मी बदलला नाही. हे का केलंत?"

"ह्यांनी गोळी मागितली होती, मॅडम. मी दिली नाही."

हे वाक्य मी पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं. मॅडम उठून माझ्याशेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, उंदीर म्हणजे माणूस नव्हे. इथे आपण अगदी पहिल्या दिवसापासून औषध देतो, तेही मापून. माणसांत त्याचा उपयोग होतो की नाही, हे अजून कुणालाच माहीत नाही. त्यांचं बोलणं शब्दन् शब्द खरं होतं, आणि मला त्याचा काही उपयोग नव्हता.

काचांवर नव्या चिठ्ठ्या चिकटवून त्या नव्या लागलेल्या मुलीकडे दिल्या. प्राणीघराकडे ती कधी फिरकलीही नव्हती. पंधरा दिवसांनी मॅडमनी सगळ्यांसमोर पाकीट फोडलं. औषधाच्या पिंजऱ्यांतली सूज बरीच कमी निघाली. टाळ्या वाजल्या, चहा झाला. "उंदरांत," मॅडमनी सगळ्यांना बजावलं, पण बघत होत्या माझ्याकडे. मी त्या मुलीला छान काम केलंस म्हटलं, आणि ते खरंच छान होतं.

घरी आल्यावर कुणाला तरी हे सांगावंसं वाटलं. नणंदेला फोन लावला आणि दोनदा वाजल्यावर ठेवून दिला. ती रडली असती आणि तिची समजूत मलाच काढावी लागली असती. खरं तर मला सांगायचं होतं ते ह्यांनाच. ते काय म्हणाले असते, तेही मी मनातल्या मनात रचलं. "अगं, एवढी हवी असती तर खालच्या दुकानातून मीच आणली नसती का? वाफेने बरं वाटलं होतं मला." अगदी त्यांच्याच आवाजात ऐकू आलं, आणि क्षणभर बरं वाटलं.

मग आठवलं की वाफेने बरं वाटतंय का, हे मी त्या दिवशी त्यांना विचारलंच नव्हतं.