किल्मो भाषेची वही

मित्रांनो, मी एक जुनी वही. माझी पाठ वाळवीनं पोखरली आहे आणि मधली बरीच पानं कायमची गेली आहेत. उरले आहे तोवर सांगते.

चाळीस वर्षांपूर्वी वलगावच्या पुंजारामनं मला अमरावतीत विकत घेतलं. तो कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग यंत्रांचा फिटर. नोकरीसाठी तो सुदानला गेला, तशी त्याच्या पेटीतून मीही गेले. तिथल्या कारखान्याच्या दारात अशो नावाची म्हातारी चहा विकायची. तिची भाषा किल्मो. ती बोलणारी दुसरी फक्त तिची बहीण होती; ती वारली आणि अशो एकटी उरली. मुलं अरबीतच बोलायची. एकदा पुंजारामनं मोडक्यातोडक्या अरबीत तिला विचारलं, "तुमच्यात पाण्याला काय म्हणतात?" ती हसली आणि तिनं सांगितलं. मग दोन वर्षं ती चहासोबत शब्द देत गेली आणि तो ते देवनागरीत उतरवत गेला. तो परतायच्या आधीच ती गेली.

गावात पुंजाराम ते शब्द वाचून दाखवी. लोक हसत. माझं कौतुक तेवढंच. पुढे तोही वारला आणि मी फुलांच्या टोपल्यांखाली जाऊन पडले. त्याची सून सुभद्रा मळ्यातला झेंडू विकते. यंदा दसऱ्याच्या गर्दीत तिचा कागद संपला. तिनं माझी पानं फाडून पुड्या बांधल्या.

तिची मुलगी प्रतीक्षा धावत आली. "आई, कायले फाडून राहिली? आबाची वही हाय ते!"

"मले काय मालूम? कोनाले समजते त्यातलं?"

खरंच, कोणाला समजत होतं?

प्रतीक्षानं मला अकोल्याला, जठारपेठेतल्या जानराव सरांकडे नेलं. सरांनी आयुष्यभर भाषाशास्त्र शिकवलं होतं. ते म्हणाले, "पोरी, या भाषेचे अकराच शब्द छापलेले हायेत. कोनी तिले एका कुळात टाकते, कोनी दुसऱ्या. कोनी म्हनते, हे एकटीच. एकाचं अनेक, म्हंजे एकवचनाचं अनेकवचन, कसं होते, ते समजलं तर काही ठरवता येईन."

त्यांनी पान उलटलं. वरच्या पट्टीवर पुंजारामचं अक्षर होतं : 'एक आणि अनेक'. त्याखाली नुसता फाटका काठ.

मग प्रतीक्षानं आपल्या आजीला, पुंजारामच्या बायकोला, गोदाबाईला विचारलं. पुंजाराम घरात कधीमधी ते शब्द बोलायचा. आजीला दोन आठवले, तोबे आणि तोबेन. "एक डोळा न दोन डोळे. पन कोनता एकाचा, ते नाई आठवत." सकाळी ती एक सांगे, दुपारी नेमकं उलट. सरांनी दोन्ही लिहिले आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

परवा अंगणात बसल्या बसल्या आजी काहीतरी पुटपुटली. तो शब्द माझ्या उरलेल्या एकाही पानावर नाही.

"आजी, याचा अर्थ काय वं?" प्रतीक्षानं विचारलं.

आजी म्हणाली, "मी कुठं काय बोलली?"

मित्रांनो, एखादी वही फाडण्याआधी एकदा वाचून पाहा. वाचता आली नाही, तर त्यातले शब्द ज्याला आठवत असतील त्याच्याजवळ जाऊन बसा. आजच बसा. आजी आता फार कमी बोलते.