शेषरावांची पिशवी बुडत नाही

शेषरावांच्या मिशीला तालुक्यात मान होता. संग्रामपूरच्या बाजारात शेषरावांना न ओळखणारेही मिशी पाहून रामराम घालत. अशी मिशी पणाला लावायची तर माणसाने दहादा विचार करावा. पण विचार करण्याची सवय शेषरावांना कधी नव्हतीच.

झालं असं, की ओट्यावर बसून त्यांनी फरसाण संपवलं आणि रिकामी पिशवी समोरच्या नाल्यात भिरकावली. दारात तांदूळ निवडत बसलेली सून करिष्मा म्हणाली, "मामाजी, थे पिशवी नाल्यातून पूर्णेत जाते, पूर्णेतून तापीत, आन तापीतून समुद्रात."

"जाऊ दे ना मंग! तरंगत तरंगत दुबईले जाईन. आपल्या घरातलं कोनी तं दुबई पाहीन!"

"तरंगत नाही राहत ना, मामाजी. थिच्यावर शेवाळ चढते, शिंपले चिकटतात, वजन वाढते, आन मंग जाते तळाशी."

शेजारचे पंजाबराव नेहमीप्रमाणे फुकटच्या चहाला टेकलेले होते. त्यांच्यासमोर सुनेने चूक काढली म्हटल्यावर शेषरावांचा पारा चढला. "प्लास्टिक आन बुडते? बुडलं तं मिशी काढतो!"

पंजाबरावांनी लगेच कप खाली ठेवला. "पक्कं? पुढच्या महिन्यात मलकापूरले तुमच्या भाच्याचं लगन हाय. तवापर्यंत पाहू."

मग तशीच एक पातळ पिशवी गुरांच्या हौदात सोडण्यात आली. समुद्र खरा वाटावा म्हणून शेषराव मिठाचा पुडा घेऊन निघाले, तो बायकोने, गोजरबाईने, हिसकावला. "म्हशी पेतात थे पानी! खारं दही पायजे काय तुमाले?"

आठवड्याभरात पिशवी हिरवी पडली आणि तिचा एक कोपरा पाण्याखाली गेला. बिनमिशीचे आपण लग्नात कसे उभे राहणार, या काळजीने शेषरावांना भाकर गोड लागेना.

दुसऱ्या दिवसापासून मात्र पिशवी पुन्हा लख्ख. पंजाबराव रोज येऊन हौदात डोकावत आणि शेषराव मिशीला पीळ देत विचारत, "काऊन? बुडली काय?" बिचारी करिष्मा स्वतःच्याच बोलण्यावर शंका घेऊ लागली.

इकडे गोजरबाईच्या चुलीतली राख रोज कमी होत होती. एका सकाळी ती हौदाकडे गेली, तर शेषराव बाह्या सावरून, काथ्या आणि राख घेऊन पिशवी घासताहेत!

"अवो! जल्मात कधी चहाचा कप विसळला नाही तुमी, आन पिशवी घासून राह्यले?"

"हळू बोल व! कोनाले सांगू नको."

"नाही सांगत. पन समुद्रात कोन जाते घासाले?"

शेषरावांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. बायकोला उत्तर देण्यात ते आयुष्यात कधी मागे राहिले नव्हते. पण समुद्रात घासायला जाणारा माणूस काही केल्या त्यांना सुचेना. त्यांनी काथ्या खाली ठेवला आणि पुन्हा हात लावला नाही.

पिशवीवर शेवाळ आलं, धूळ बसली, दोन गोगलगायी येऊन चिकटल्या. आणि एके दिवशी सगळ्यांच्या देखत पिशवी आधी कलली, मग निवांत तळाला गेली. पंजाबरावांनाच वाईट वाटलं. ते म्हणाले, "राहू द्या हो शेषराव, हौद म्हंजे काई समुद्र नाही."

"नाही. बोललो म्हंजे बोललो," म्हणून शेषराव न्हाव्याकडे गेले. तिथे त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी वस्तऱ्याच्या नावावर खपवलं.

मलकापूरच्या मांडवात सख्खी बहीण जनकाबाई त्यांच्या अंगावरून पुढे गेली आणि गोजरबाईला विचारू लागली, "वहिनी, दादा नाही आला काय?" शेषरावांना फार लागलं ते. पण ओरडायचं बळही मिशीबरोबरच गेलं होतं.

कोणीतरी त्यांच्या हातात प्लास्टिकच्या कपात चहा दिला. तो पिऊन लोक कप मांडवामागच्या नालीत फेकत होते. शेषरावांनीही हात उचलला, क्षणभर तसाच धरला आणि कप नव्याकोऱ्या शर्टाच्या खिशात कोंबला. खिशाखाली चहाचा डाग पसरू लागला.

"अवो, हे काय केलं?" गोजरबाई किंचाळली.

"हा समुद्रात गेला तं बुडन," शेषराव म्हणाले, "आन माह्यापाशी आता दुसरी मिशी नाही."