उंचवट्याला वळसा

सन एकोणीसशे वीसचा पावसाळा कोरडा गेला. भातकुलीकडच्या त्या खारपट्ट्यातल्या गावात विहिरींना पाणी होतं, पण ते तोंडात धरवत नव्हतं. गोडं पाणी दोन मैलांवर, वलगावच्या वाटेवरच्या मळ्यात. केशवराव पाटलांनी खटपट करून खापरी नळ मिळवले आणि पौषात गावानं चर खणला. मळ्यातल्या हौदात मोटेनं पाणी चढवायचं, तिथून नळांतून उतारानं गावात आणायचं, असा बेत होता.

पहिल्या दिवशी पाणी सोडलं, पण गावात थेंबही आला नाही. बाभळीच्या उंचवट्याअलीकडे नळांचे सांधे फुटून नुसता चिखल झाला.

ओव्हरसियर खुशालराव म्हणाले, “मळ्यातली विहीरच अपुरी आहे. काम बंद करावं लागेल.”

“विहीर नाई अपुरी जी,” पार्बताबाई पुढे आली. त्याच मळ्यात ती वीस वर्षं वांग्या-मिरच्यांना पाणी देत होती. “नळ चढावर टाकले तुमी. पानी चढंन कावून?”

“मोजमाप झालंय, बाई.”

“झालं असंन. आता मी पाहतो.”

तिनं फावडं उचललं. भेगा बुजवत, बोटभर खोल पाट काढत ती हौदापासून निघाली. मागून तिची जाऊ कौशल्या घागरीनं पाणी ओतत होती. पाणी अडलं की पार्बताबाई मागं यायची आणि बाजूनं नवा पाट धरायची. दुपारपर्यंत ओली रेघ उंचवट्याला वळसा घालून केशवरावांच्या वावरात शिरली. दुष्काळातून त्यांची तेवढीच पऱ्हाटी, कपाशीची झाडं, वाचली होती.

“दुसरी वाट नाई?” केशवरावांनी विचारलं.

“पानी इकूनच जाते, पाटील.”

खुशालरावांनी मोजणीची दुर्बीण लावून तीनदा पाहिलं. “उतार बरोबर आहे,” ते हळू आवाजात म्हणाले. “चूक माझी.”

केशवराव बराच वेळ बोंडांकडे पाहत उभे राहिले. मग वाकून पहिलं झाड त्यांनीच उपटलं. “खणा.”

नऊ दिवस अख्खं गाव चर खणत आणि नळ नव्यानं बसवत होतं. दहाव्या दिवशी गावातल्या नळाच्या तोंडातून आधी गाळ आला, मग करंगळीएवढी धार. कौशल्यानं ओंजळ भरून पाणी चाखलं आणि ती ओरडली, “गोडं हाय!” बाया घागरी घेऊन धावल्या.

पार्बताबाई मात्र धारेकडे पाहत होती. “एवढंच कावून? कुठंतरी गळून राहिलं.”

फावडं खांद्यावर टाकून ती चराच्या कडेनं निघाली. सांधे बुजवायच्या चुन्याची बादली उचलून खुशालरावही तिच्या मागं चालू लागले.