न मरणारा खलनायक

धाकटीने सूडाचा खेळ बनवला, पण सूड काही पुरा होईना.

कॉम्प्युटरवरचा हा खेळ जुन्या वळणाचा होता. ठळक ठिपक्यांची चित्रं, एक लांबच लांब गल्ली, आणि सख्ख्या भावाने दगा दिला म्हणून गुंडांची हाडं मोडत निघालेली नायिका. दात उडायचे, भिंतींवर रक्त सांडायचं. शेवटच्या चौकात खलनायक उभा. त्याला दादाचं नाक होतं, दादाचा चष्मा होता आणि पुढे आलेलं पोटही दादाचंच होतं. ते काढताना धाकटीला फार बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोला?

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. खेळ दोघांनी मिळून सुरू केला होता. तो प्रोग्राम लिहायचा, ती चित्रं काढायची. मग मोठ्या कंपनीची नोकरी आली आणि स्वारी एका शब्दाने न सांगता चालती झाली. तेव्हापासून बोलणं बंद. उरलेला खेळ तिने दातओठ खात एकटीने पुरा केला.

आता खलनायक मरत नव्हता. कितीही हाणा, त्याच्या ताकदीची पट्टी संपत यायची आणि शेवटच्या ठिपक्यावर अडायची. खेळ लोकांसमोर मांडायचा दिवस तर उद्यावर आलेला. प्रोग्रामचा गाभा दादाचा, तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. अडला हरी गाढवाचे पाय धरी! तिने फोन केला.

दादा दुपारी आला आणि मुकाट खेळायला बसला. धाकटी खिडकीशी उभी राहिली. शेवटचा चौक आला तसे तिचे कान तापले.

"नाक जरा मोठं झालंय," तो म्हणाला.

"मोठंच आहे."

त्याने स्वतःला मन लावून बदडलं. पट्टी अडली. "याला कुणाच्या जागी बसवलंस?"

"लहानपणी तू आपल्यासाठी कॉम्प्युटरवर खेळ बनवला होतास, त्यात माझी मारकुटी पोरगी होती ना? तिच्यावरच तुझं तोंड चढवलं. चाली आयत्या मिळाल्या."

दादाने कपाळावर हात मारला. "अगं, हरलीस की तू जेवायची नाहीस. म्हणून मी तेव्हा लिहून ठेवलं होतं, या पोरीने मरायचंच नाही."

दादाला मी रोज लोळवते, असं धाकटी लहानपणी सगळ्यांना ऐकवत फिरायची.

"एकच ओळ आहे, काढून टाकतो."

"थांब." तिने त्याचा हात धरला. "न सांगता का गेलास?"

"तू रडली असतीस. मग माझा पाय निघाला नसता."

"रडले असते. आणि मग जा म्हटलं असतं!"

त्या ओळीला दादाने हात लावला नाही.

"राहू दे ती," धाकटी नाक पुसत म्हणाली. "शेवट बदलू. त्याला माफी मागायला लाव."

"मग गुडघे टेकलेलं चित्र लागेल."

"मला बघितल्याशिवाय काढता येत नाही."

दादाने पोट सावरत फरशीवर गुडघे टेकले. "चुकलं माझं," तो म्हणाला, आणि हे काही चित्रासाठी नव्हतं.

"हलू नकोस," धाकटी म्हणाली. पण डोळे असे भरून आले होते, की समोरचा दादा तिला धड दिसतच नव्हता.